डावखुरा

म्हापशात, भाजीबाजारामागच्या बोळात,
सगुण म्हाल्याच्या दुकानात
खुर्ची एक, आरसा एक,
आणि आरशासमोरच्या भिंतीवर, म्हणजे आपल्या पाठीमागे,
एक फ्रेंच गृहस्थ एकतीस वर्षं दाढी करून घेतो आहे.

अजून झालेली नाही.

न्हाव्यानं त्याचं नाक चिमटीत धरून वर उचललंय,
बांगड्याचा कल्ला उघडून बघावा तसं, ताजा आहे ना.
गृहस्थाचे डोळे खोबणीतून उडी मारायच्या बेतात,
पायाची बोटं बुटातल्या बुटात वळलेली
(हे दिसत नाही, पण कळतं).
केसांचा टोप स्टुलावर. टोपात मांजर.
पलीकडे बायको, बटा कुरळ्या व्हाव्यात म्हणून
डोकंभर कागदाच्या पुरचुंड्या बांधलेली,
जत्रेतल्या चणेकाराची पाटीच जणू.

खाली फ्रेंचमध्ये दोन ओळी. वाचणारा कोणी नाही.
पोस्टातले रिबेलोबाब एकदा चष्मा लावून जवळ गेले.
म्हणाले, पोर्तुगीजच आहे, पण नीट दळलेलं नाही.
तावेर्नवाला बोस्त्यांव म्हणतो, लिहिलंय, उधारी बंद.
सगुणचा अर्थ हंगामानुसार बदलतो.
निवडणुकीत: हलाल तर कापला जाल.
चवथीच्या गर्दीत: पाव्हणे, तुमचा नंबर तिसरा.

चित्र आलं सुकूरच्या एका घरातून.
तिथल्या म्हाताऱ्या दोतोराची दाढी करायला
सगुण चार महिने सायकलनं जात होता,
शेवटची केली ती दोतोर गेल्यावर.
बाईंनी पैसे शोधले, सापडेनात,
मग भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ते ने,
ते बघून हे एकटेच हसायचे.

सगुण डावखुरा.
लहानपणी बाप त्याचा डावा हात
गिऱ्हाइकाच्या चादरीच्या नाडीनं खुर्चीला बांधायचा.
त्या हातानं भटजींच्या गालाला लागशील?
उजव्यानं शिकला. तीन जणांचे कान अजून साक्षीला आहेत.
बाप गेला त्या वर्षी वस्तरा डाव्यात घेतला
आणि दोन घरं कायमची तुटली.

फ्रेंच न्हावी उजवा. पण आरशात बघा,
तो डावा होतो.
म्हणून तर चित्र तिथं टांगलंय,
हे मला त्या शुक्रवारी कळलं,

तिळू केणी बाकावर बसून पेपर वाचत होता तेव्हा.
तिळूनं पणजीत शिळाछापावर उमेदवारी केलेली,
बोटं अजून शाईनं आजारी दिसतात.
पेपरातून डोकं न काढता म्हणाला,
अरे, हे दगडावर काढतात. दगडावर उलटं,
तेव्हा कागदावर सुलटं येतं.
चिताऱ्यानं काढला तो न्हावी डावखुराच.
छापताना उजवा झाला.
आरशात दिसतो तो मूळचा.

माझ्या एका गालावर फेस सुकत होता.
सगुण काही बोलला नाही.
चित्रापाशी गेला, सदऱ्याच्या टोकानं
काच पुसली, एकदा, मग पुन्हा,
मांजरावरची माशीची घाण नखानं खरवडली,
आणि परत येऊन माझं नाक धरलं.

मी आरशात पाहिलं.
दोन नाकं वर, दोन वस्तरे, दोन डावे हात,
चार डोळे उडी मारायच्या बेतात.
टोप माझ्याकडे नाही. टक्कल आहे.
दारात बाजारातलं मांजर बसलं होतं,
ते माझ्या डोक्याकडे जागा बघावी तसं बघत होतं.

हसू नका, सगुण म्हणाला, कापलं जाईल.
आणि स्वतःच हसत सुटला.

हनुवटीखाली थोडं कापलं.
तुरटी लावली. पन्नासातले दहा सोडले.
मी नोट डाव्या हातानं दिली.
तिळू म्हणाला, शी, लक्ष्मी.
सगुणनं ती डाव्याच हातानं घेतली,
डोळ्यांना लावली, गल्ल्यात टाकली.